आभासी दातावर हात कसा बसवावा: बीडीएसच्या नव्या मुलामुलींसाठी

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षी फँटम लॅबमध्ये (फँटम हेड, म्हणजे नकली डोक्यावर सराव करायची प्रयोगशाळा) एअरोटर, म्हणजे दात कापायचं वेगवान हातयंत्र, पहिल्यांदा हातात येतो आणि पुस्तकातली क्लास वन कॅव्हिटी (दाढेच्या चावायच्या बाजूवर भरणासाठी कोरायचा खड्डा) ओळखू येईनाशी होते. चित्रात तळ सपाट असतो, भिंती नीट उभ्या असतात. आपल्या हातून मात्र मध्येच खोल, कडेला उथळ असा एक खड्डा तयार होतो. हात बसवायला आजवर दोनच साधनं होती: टायपोडॉन्टचे (सरावाच्या नकली जबड्याचे) प्लास्टिकचे दात आणि कुठून कुठून जमवलेले, पेशंटचे काढलेले दात. आता व्हीआर (आभासी वास्तव) सिम्युलेटरची भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली इथे शिकणाऱ्यांना हे यंत्र कधी स्वतःच्या विभागात, कधी पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत, तर कधी एखाद्या परिषदेतल्या स्टॉलवर हाताळायला मिळतं. कुठेही मिळालं तरी वाट्याला वेळ थोडाच येतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. यंत्रावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खी कॅव्हिटी करत बसू नका. ज्या एका हालचालीत आपला हात अडतो तेवढीच हालचाल तिथे घोटा. टायपोडॉन्टचा दात जास्त खोल गेला की फेकावा लागतो आणि नवा स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. काढलेला दात तर पुन्हा तसाच मिळत नाही. यंत्रात एक बटण दाबलं की दात पुन्हा अखंड. चूक इतकी स्वस्त दुसरीकडे कुठेच नाही, तर तिचा फायदा घ्या.

समोर कोणतं यंत्र आहे?

व्हीआर म्हणून जे दाखवतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे डोक्यावर चढवायचा हेडसेट आणि दोन्ही हातांत कंट्रोलर. यात तुम्ही आभासी क्लिनिकमध्ये उभे राहता, जबड्याचं हाड आणि त्यातून जाणारी नर्व्ह आरपार बघता येते. इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉकची (खालचा जबडा बधिर करायच्या इंजेक्शनची) सुई कुठल्या खुणांवरून, कोणत्या कोनात जाते हे डोक्यात बसवायला हा प्रकार झकास आहे. पण कंट्रोलर फार तर थरथरतो. दात कडक लागला की मऊ, हे तो बोटांना सांगू शकत नाही. कटिंगचा हात बसवायला मी तो मोजतच नाही.

दुसरा प्रकार हॅप्टिक, म्हणजे बोटांना स्पर्श आणि जोर जाणवून देणाऱ्या, सिम्युलेटरचा. यातला हँडपीस (हातात धरायचं कापायचं अवजार) एका यांत्रिक बाहूला जोडलेला असतो. पडद्यावरचा दात असंख्य बारीक घनांचा बनलेला असतो आणि प्रत्येक घनाला त्याचा कडकपणा ठरवून दिलेला असतो: इनॅमलला (दाताच्या वरच्या कडक थराला) जास्त, डेंटिनला (त्याखालच्या थराला) कमी, किडीला त्याहून कमी. बरचं, म्हणजे हँडपीसच्या तोंडाशी फिरणाऱ्या पात्याचं, टोक त्यांना टेकलं की संगणक उलट जोर किती लागायला हवा ते काढतो आणि बाहूतल्या मोटर तो जोर तुमच्या बोटांवर देतात. हे गणित सेकंदाला सुमारे १००० वेळा होतं. चित्र सेकंदाला ६० वेळा बदललं तरी डोळ्यांचं भागतं, बोटांचं भागत नाही. हा वेग घसरला की कडक इनॅमल बोटांना थरथरतं, लिबलिबीत लागतं. यंत्रावर बसल्यावर दात उगाचच रबरासारखा वाटला तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

ॲमस्टरडॅमच्या आक्टा या दंतशिक्षण संस्थेच्या सहभागातून घडलेला सिमोडॉन्ट आणि फ्रान्सचा व्हर्टीझी हे या दुसऱ्या प्रकारातले. डेंटसिमची रीत आणखी निराळी. त्यात फँटम हेड खरं, प्लास्टिकचा दात खरा, एअरोटरही खरा. कॅमेरे फक्त हँडपीसचा माग काढतात आणि कुठे किती कापलं ते शेजारच्या पडद्यावर दिसतं. आणि फँटम हेड म्हणाल तर ती कल्पना दंतवैद्य ऑस्वाल्ड फर्गस यांची, १८९४ सालची. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती टिकून आहे आणि या यंत्रांनी तिला अजून घरी बसवलेलं नाही.

पुढचं सगळं हॅप्टिक यंत्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

जाण्याआधी आकडे बरच्या मापात बसवा

४६ नंबरच्या दातावरची (खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेवरची), ॲमलगमसाठीची (पाऱ्याच्या मिश्रधातूच्या भरणासाठीची) साधी क्लास वन घेऊ. खोली १.५ ते २ मिमी, म्हणजे इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये जेमतेम ०.२ ते ०.५ मिमी. रुंदी दोन कस्पांच्या (दाढेवरच्या उंचवट्यांच्या) टोकांमधल्या अंतराच्या पाव भागाइतकी, त्याहून कमीत भागलं तर उत्तमच. मार्जिनल रिजकडे (चावायच्या बाजूच्या पुढच्या-मागच्या कडेकडे) मोलरमध्ये (मोठ्या दाढेत) किमान २ मिमी आणि प्रीमोलरमध्ये (छोट्या दाढेत) १.६ मिमी दात शिल्लक राहायला हवा.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हे सगळे घडाघडा म्हणतात. हातात बर असताना मात्र १.५ मिमी म्हणजे केवढं, ते कोणालाच दिसत नाही. म्हणून बरच मोजपट्टी करायची. २४५ नंबरच्या बरचं डोकं ३ मिमी लांब आणि ०.८ मिमी रुंद असतं. निम्मं डोकं आत गेलं म्हणजे १.५ मिमी झाले. ३३० चं डोकंच मुळात १.५ मिमी; ते पूर्ण बुडालं की थांबायचं. यंत्रावर बसण्याआधी लॅबमधला खरा २४५ पट्टीवर ठेवून बघा, त्याच्या निम्म्यावर नजर रुळू द्या. यंत्राच्या यादीत नंबर वेगळे दिसले तर आकार आणि लांबी पाहून बर निवडा. चुकून लांब बर घेतला तर नजरेचा सगळा अंदाज फसतो, आणि तो फसलाय हे गुण येईपर्यंत कळतही नाही.

दुसरा गृहपाठ पेन्सिलचा. वहीत ४६ ची ऑक्लुजल (चावायची) बाजू मोठी काढा, फिशर (तिच्यावरच्या खाचा) काढा, त्यावर कॅव्हिटीची सीमारेषा काढा. न बघता काढता येईपर्यंत काढा. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून ज्यांनी मनापासून दात कोरले त्यांचं हे काम पटकन होतं. ज्यांनी सीनियरकडून कोरून घेतले त्यांचं इथे उघडं पडतं.

बसणं

मिळालेल्या वेळातली पहिली पाच मिनिटं हँडपीसला हात लावू नका. स्टूल असं लावा की पावलं जमिनीवर सपाट टेकतील आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील. मग यंत्राची उंची अशी लावा की आभासी तोंड तुमच्या कोपराच्या पातळीला येईल. कोपरं अंगालगत, खांदे खाली. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खालच्या उजव्या दातांसाठी घड्याळातल्या ८-९ च्या जागी (पेशंटचं डोकं १२ च्या दिशेला धरून) बसायचं, वरच्या दातांसाठी ११-१२ च्या. हे क्लिनिकमधलंच आहे, यंत्रासाठी वेगळं काही नाही. पण यंत्रावर पेशंट कुरकुरत नाही, म्हणून मुलं जिथे स्टूल सापडेल तिथे बसतात आणि मान वाकडी करून कापत राहतात. ती मान मग तिसऱ्या वर्षी क्लिनिकमध्येही तशीच येते.

त्रिमितीचा चष्मा लावल्यावर आधी दात खरोखर खोल दिसतोय ना ते बघा. नंबरचा चष्मा असेल तर तो काढायचा नाही, त्यावरच हा चढवायचा. एक डोळा लहानपणापासून अधू असलेल्यांना त्रिमिती दिसतच नाही. असं काही असेल तर आधीच सांगा, नाहीतर तासभर तुमच्या हाताला बोल बसेल आणि कारण असेल डोळ्याचं.

सगळ्यात महत्त्वाचा तो बोटाचा टेकू, आपण ज्याला फिंगर रेस्ट म्हणतो. हँडपीस मॉडिफाइड पेन ग्रास्पमध्ये (पेनसारख्या पकडीत) धरायचा आणि अनामिका कुठेतरी घट्ट टेकलेली हवी. तोंडात ती शेजारच्या दातांवर टेकते. यंत्रात शेजारचे दात नुसतं चित्र आहे, त्यावर बोट टेकणार कसं? बहुतेक यंत्रांत हातासाठी एखादी पट्टी किंवा कठडा असतो. तो शोधून बोट तिथे ठेवा. टेकू नसताना यंत्र काम करू देतं, आणि हीच त्याची सगळ्यात वाईट खोड आहे. अधांतरी हाताने कापायची सवय लागली तर ती मोडायला दुप्पट कष्ट पडतात. सोबत मित्र-मैत्रीण असेल तर तिला पडद्याकडे बघू देऊ नका. तिने फक्त तुमच्या अनामिकेकडे बघायचं आणि बोट उचललं की टोकायचं.

सुरुवात दाताने नको

या यंत्रांत दाताआधी आकारांचे व्यायाम असतात: एका ठोकळ्यात बसवलेली सरळ पट्टी, फुली, वर्तुळ. त्यात कापायचा भाग एका रंगाचा, त्याच्या तळाशी आणि बाजूंना थोडी सूट दिलेला भाग दुसऱ्या रंगाचा, आणि त्यापलीकडे गेलात की चूक. मुलांना हे पोरखेळ वाटतं, ती थेट दात उघडायला निघतात. मी म्हणेन, पहिला तास इथेच घालवा.

सरळ पट्टी घ्या. बर फिरायला लागल्यावर टेकवा, टेकवून मग सुरू करू नका. जोर लावायचा नाही. खरा एअरोटर मिनिटाला तीनेक लाख फेरे घेतो, कापायचं काम तो करतो, तुम्ही फक्त त्याला वाट दाखवायची. जोर लावला की खऱ्या दातावर उष्णता वाढते, आणि त्याची झळ पल्पला (दाताच्या आतल्या नसेला) लागते. बर पट्टीच्या एका टोकाला ठरलेल्या खोलीवर न्या आणि त्याच खोलीवर ठेवून हलक्या, अखंड हाताने दुसऱ्या टोकाला न्या. पुन्हा मागे. सगळी मेख 'त्याच खोलीवर' या दोन शब्दांत आहे. नवशिक्याचा हात टोकाशी पोहोचला की नकळत वर उचलला जातो, परत येताना मधोमध खाली दबतो. तळ होडीसारखा होतो. पडद्यावर ठोकळा आडवा कापून बघायची सोय असेल तर तो काप बघा. स्वतःच्या हाताची होडी एकदा डोळ्यांनी पाहिली की हात कुठे उचलला जातो ते पुढच्या वेळी आपोआप जाणवतं.

फुलीत दोन रेषांचा तळ एकाच पातळीवर जुळवावा लागतो, मोलरच्या मध्यभागी नेमकं हेच लागतं. वर्तुळात मनगट न वळवता बोटांनी दिशा बदलायची असते. फुली जमली की दाताकडे जा. वर्तुळ बराच काळ जमत नाही, त्यासाठी अडून बसू नका.

दात: तुकडे पाडून

आता ४६ उघडा. पूर्ण कॅव्हिटीचा मोह आवरा. पहिला तुकडा पंच कटचा. सर्वांत खोल पिटवर (खळग्यावर) बर ठेवायचा, दाताच्या क्राउनच्या (हिरडीबाहेरच्या भागाच्या) उभ्या अक्षाला समांतर, आणि निम्मं डोकं बुडेपर्यंत सरळ आत. बस. दात पुन्हा अखंड करा, पुन्हा पंच कट. खोली बघा, बरचा कल बघा. सलग तीनचार वेळा खोली एकसारखी आली की हा तुकडा झाला असं समजा.

बरचा कल एका दातावर मुद्दाम घोटून घ्या: खालचा पहिला प्रीमोलर, ३४ किंवा ४४. त्याचं क्राउन लिंग्वल (जिभेच्या) बाजूला झुकलेलं असतं, म्हणून बरही किंचित लिंग्वलकडे कलवावा लागतो. सरळ उभा गेला तर बकल पल्प हॉर्नच्या (पल्पच्या गालाकडच्या टोकाच्या) अंगावर जातो. हे वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलेलं असतं. यंत्रावर पल्प उघडा पडलेला लाल ठिपका दिसतो तेव्हा कुठे ते हातात उतरतं.

पुढचा तुकडा पंच कटपासून सेंट्रल फिशरच्या कडेने जाण्याचा, तीच खोली राखून. त्यानंतर मार्जिनल रिजपाशी थांबायचा. थांबणं ही वेगळी हालचाल आहे आणि ती वेगळी घोटावी लागते. २ मिमी शिल्लक ठेवायचे म्हणजे बरच्या अडीच रुंदी. रिजजवळ बर बाहेरच्या बाजूला किंचित झुकवून भिंत उघडी ठेवायची, नाहीतर रिजखालचं डेंटिन कापलं जातं आणि वरचं इनॅमल आधाराविना राहतं.

क्लास टू (शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत जाणारी कॅव्हिटी) यंत्रावर जरूर करा, पण एकाच गोष्टीसाठी: प्रॉक्सिमल बॉक्स, म्हणजे तिचा त्या बाजूचा भाग, करताना शेजारच्या दाताला बर लागतो का ते कळायला. फँटम हेडवर शेजारच्या दातावरची बारीक जखम सुटून जाते, यंत्र ती सोडत नाही. मात्र शेवटचा इनॅमलचा पातळ पापुद्रा बरने न कापता हॅचेटने (हाताने चालवायच्या छिन्नीने) तोडायचा असतो. तो 'कट्' आवाज आणि बोटांना बसणारा तो झटका यंत्रावर येत नाही. त्यासाठी लॅबच गाठायची.

आरसा

वरच्या मोलरवर, १६-२६ वर, थेट बघून काम करता येत नाही, आरशात बघूनच करावं लागतं. आरशात पुढे-मागे उलटं दिसतं. बर पुढे न्यायचा ठरवला की हात मागे जातो, आणि वर तोंडाच्या आत अंधार, पाण्याची फवारणी, धुकटलेली काच. विद्यार्थी काय करतो? आरसा बाजूला ठेवतो आणि मान अशी वाकवतो की बघणाऱ्याच्या मानेत उसण भरावी.

यंत्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग मला इथे दिसतो. आभासी आरशावर पाणी नाही, धुकं नाही. अडचणींच्या ढिगातून फक्त 'उलटं दिसणं' एवढी एकच अडचण बाहेर काढून तिच्यावर काम करता येतं. सुरुवात सरळ पट्टीनेच करा, फक्त आरशात बघून. मग फुली. मग १६ वर पंच कट. डाव्या हातातला आरसा आधी स्थिर करा, आरशात पूर्ण ऑक्लुजल पृष्ठभाग दिसू द्या आणि मगच उजवा हात आत आणा. दोन्ही हात एकदम हलले की काहीच समजत नाही. घरी करायचा स्वस्त सराव असा: टेबलावर छोटा आरसा उभा करायचा, कागद आणि हात पुस्तकाच्या आडोशाला ठेवायचे आणि फक्त आरशात बघून चौकोनाच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. पहिल्यांदा स्वतःचंच हसू येईल. रोज थोडं केलं की यंत्राचा वेळ वाचतो.

गुण कसे वाचायचे

काम झालं की यंत्र टक्के दाखवतं: ठरवलेल्या भागापैकी किती कापला, तळाला किती जास्त गेला, बाजूंना किती जास्त, वेळ किती लागला. टक्केवारी बघितली की आपल्याकडच्या मुलांच्या अंगात 'नीट' प्रवेश परीक्षा संचारते. मग एक प्रकार सुरू होतो. बर टेकवायचा, उचलायचा, कण काढायचा, पुन्हा टेकवायचा. असं टोचत टोचत ९० च्या वर सहज जाता येतं. एकदा लॅबमध्ये झालेला संवाद असा:

"मॅम, ब्याण्णव आले!"

"बरं. आता रीप्ले लाव आणि बर किती वेळा उचललास ते मोज."

त्याने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. यंत्रावर ब्याण्णव असलेला तो हात खऱ्या दातावर नेला असता तर तळ खडबडीत आणि कडा करवतीसारख्या झाल्या असत्या, कारण खरा बर प्रत्येक वेळी टेकताना एक नवी खाच पाडतो.

म्हणून गुणांच्या पाटीआधी रीप्ले बघा. किती वेळा बर उचलला, किती वेळ एकाच जागी घुटमळला, कुठे जोर वाढला. यंत्र तुमचं बसणं, मान, टेकू यांतलं काही बघत नाही. ते बघायला माणूसच लागतो. आजवरच्या संशोधनाचा सूरही साधारण असाच आहे: हॅप्टिक यंत्रावर कमावलेलं कौशल्य खऱ्या हँडपीसकडे नेता येतं, यंत्राच्या गुणांच्या जोडीला शिक्षकाने चूक दाखवून दिली तर फायदा जास्त होतो, आणि फँटम लॅबची जागा यंत्राने घ्यावी असं म्हणायला आधार नाही. वेळेचे गुण तर पहिले काही महिने बघूच नका.

त्याच आठवड्यात टायपोडॉन्टवर

यंत्रावर जे घोटलं ते त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, फँटम हेडवर करा. पहिला धक्का बसेल तो वजनाचा. खऱ्या हँडपीसला मागे नळी असते आणि ती हात ओढते. दुसरा आवाजाचा, तिसरा पाण्याचा. प्लास्टिकचा दात यंत्रातल्या दातापेक्षा मऊ कापला जातो आणि जोर दिला तर वितळून बरला चिकटतो. खरा दात उलट: इनॅमलचा जो कडकपणा बोटांना लागतो तेवढा उलट जोर या यंत्रांच्या मोटर देऊ शकत नाहीत. म्हणजे यंत्रावरून प्लास्टिकवर जाताना हात हलका करावा लागतो, आणि खऱ्या दातावर घाई न करता बरला त्याच्या वेगाने कापू द्यावं लागतं.

खोली डोळ्यांनी ठरवू नका. पेरिओडोंटल प्रोब (मापाच्या खुणा असलेली सळी) आत उभा करून तीन ठिकाणी मोजा: मध्ये, मिझिअलला (पुढे), डिस्टलला (मागे). मग एक्स्प्लोरर (टोकदार सळी) तळावरून फिरवा, खाच असेल तिथे तो अडतो. तिन्ही आकडे वहीत लिहा आणि शेजारी यंत्राने त्याच कामाला दिलेली खोली लिहा. दोन-चार नोंदींत आपला हात नेहमी कुठे जास्त जातो ते दिसायला लागतं आणि पुढच्या वेळी यंत्रावर काय घोटायचं ते ठरतं. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाअखेर प्रीक्लिनिकल कॉन्झर्व्हेटिव्हची (पेशंटआधीच्या दात भरायच्या सरावाची) परीक्षा प्रात्यक्षिक आणि व्हायवाचीच असते. तिथे एक्स्प्लोरर परीक्षकाच्या हातात असतो.

काढलेले दात गावाकडच्या ओळखीच्या क्लिनिकमध्ये पाण्याची झाकणबंद बरणी ठेवून मिळवता येतात, पण घरी आणून तसेच कापू नका. ॲमलगम नसलेला दात ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून घ्यायचा. ॲमलगम भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, पाऱ्याची वाफ सुटते. तो १० टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे ठेवायचा.

यंत्रातला पेशंट आणि आपला पेशंट

यंत्रातलं तोंड कायम आ वासून असतं. आपल्याकडच्या ओपीडीत तसं नसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते ते ओपीडीत एक सकाळ बसलं की कळतं. पंचविशीतला पोरगा येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, तोंडच उघडंना झालंय." गालाला हात लावला तर आत पांढरे, ताठ पट्टे लागतात. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, तोंडाचं आतलं अस्तर ताठ होण्याचा आजार. एरवी माणसाच्या स्वतःच्या तीन बोटांइतकं तोंड उघडतं. इथे दोन, कधी एकच बोट जातं. किडलेली दाढ सगळ्यात मागे, आणि तिथपर्यंत बर लावलेलं एअरोटरचं डोकं शिरतच नाही. यंत्रावर शिकलेला कोन, टेकू, आरशाची जागा सगळं बदलतं. यावर लॅबमध्ये करता येण्यासारखी तयारी एकच: फँटम हेडचा जबडा मुद्दाम कमी उघडून लावा आणि ३६-४६ वर काम करा. लहान डोक्याचा हँडपीस विभागात असेल तर मागून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. नांदेडच्या किनवट भागात, बीडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिग्रॅपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, तिथे काही ठिकाणी त्याहून जास्त सापडतं. त्या गावांतल्या पेशंटचं इनॅमल पिवळट-तपकिरी डागांचं असतं, वरचा थर कडक आणि त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ. बर आधी कापत नाही आणि मग कड एकदम तुटते. यंत्राच्या दातांत इनॅमल सगळीकडे एकसारखं असतं, त्यामुळे हा अनुभव तिथे येणार नाही. काढलेले दात जमवताना असा एखादा मिळाला तर तो वेगळा ठेवा आणि फुरसतीने कापून बघा.

लाळ, जीभ, मध्येच खोकणारा पेशंट, लाकडी खुर्चीवर बसल्यासारखा अंग चोरून बसलेला म्हातारा, हे तिसऱ्या वर्षी पोस्टिंग सुरू झाल्यावर भेटतीलच.

व्यवहाराचं

५० किंवा १०० जणांची बॅच आणि यंत्रं एखाद-दुसरंच, अशी स्थिती असेल तर दोघादोघांनी वेळ घ्या. एक कापेल, दुसरा टेकू बघेल, मग अदलाबदल. सलग अर्ध्या तासाहून जास्त बसू नका. हात थकला की तो चुकीचंच शिकतो. हेडसेटच्या प्रकारात काहींना गरगरतं, मळमळतं. तसं झालं तर लगेच काढा आणि स्थिर वस्तूकडे बघत बसा. रेटून नेल्याने सवय होते असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. हेडसेटचा फोम आणि चष्मा आधी पुसूनच लावायचा, मेमध्ये तर नक्कीच. आधीच्याचा घाम तुमच्या कपाळाला का?

लाईट जाणार हे धरूनच चला. यंत्र यूपीएसवर आहे का ते बसण्याआधी विचारा. नसेल तर मधल्या टप्प्यांवर काम जतन करत जा. लाईट परत आली की यांत्रिक बाहूचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळवणी) पुन्हा करून घ्या. ते न करता काम केलं तर आभासी बर तुमच्या हातापेक्षा किंचित बाजूला कापतो आणि सगळे गुण खोटे येतात. हँडपीस कधीही बाहूवर लोंबकळत सोडू नका, त्याच्या जागेवर ठेवा. झाकण आहे ते धुळीसाठी, जाताना घाला.

डावखुऱ्यांनी नाव लिहितानाच तसं सांगून ठेवावं. आरशाचा आणि हँडपीसचा बाहू अदलाबदल करायचा तर काही यंत्रांत सेटिंग पुरतं, काहींत जोडणीच बदलावी लागते. लॅबचा माणूस ती आदल्या दिवशी करून ठेवू शकतो. ऐन वेळी सांगितलं तर तुमचा अर्धा तास त्यातच जाईल.